नेत्यांच्या स्मरणार्थ निघालेले जुने झेंडे: शोधायचे कसे, ओळखायचे कसे, जपायचे कसे

बारा वर्षांपूर्वी मी पहिला जुना झेंडा विकत घेतला. वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा, पांढऱ्यावर निळा चरखा आणि कडेला काळ्या शाईत ‘सोलापूर १९३०’. मार्शल लॉमधून, म्हणजे तेव्हाच्या लष्करी अंमलातून वाचलेला झेंडा आहे, असं विकणाऱ्यानं सांगितलं. त्या लढ्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांची नावं ऐकतच मी मोठा झालो, त्यामुळे ते कापड हातात आल्यावर मला दुसरं काही सुचलंच नाही. मागितले तेवढे पैसे दिले.

माझे वडील गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. त्यांनी झेंडा खाटेवर पसरला, काठ अंगठ्याखालून फिरवला आणि शिवणीतून सुटलेला बोटभर दोरा तोडून काडीला लावला. दोरा जळला नाही, आक्रसला आणि त्याचा काळा कडक मणी झाला. “पॉलिस्टर आहे,” ते म्हणाले. “आणि केशरी तेव्हा कुठं होतं?”

ते दोन्ही बाबतींत बरोबर होते. पॉलिस्टरचा शिवणदोरा १९३० मध्ये कुणाकडेच नव्हता. आणि केशरी पट्टा काँग्रेसच्या झेंड्यावर आला १९३१ च्या ऑगस्टमध्ये. मे १९३० मध्ये सोलापुरात जो झेंडा मिरवला गेला, त्यात वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली तांबडा असे पट्टे होते आणि त्यांवर चरखा होता. त्या दिवसापासून मी एक गोष्ट पाळतो. झेंडा समोर आला की आधी कापड बघतो, त्यावरचा चेहरा नंतर. सोलापूरकराला हे जड नाही. आपल्या घराघरांत कुणीतरी मागावर, गिरणीत नाहीतर चादरीच्या कारखान्यात राबलेलं असतं. ती नजर आपल्याकडे आहेच, फक्त झेंड्याकडे वळवायची.

आधी ठरवा, नेमकं काय जमवायचं

‘जुने झेंडे’ म्हणून जमवायला बसलात तर घर भरेल आणि संग्रह होणार नाही. एक माणूस, एक काळ किंवा एक गाव धरा. मला सांगायचं तर आपल्या भागात या वस्तू सापडू शकतात: लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० ला गेले, त्यानंतरच्या पुण्यतिथ्यांची निशाणं, १९२१ च्या टिळक स्वराज्य फंडाच्या वेळचे चरख्याचे झेंडे, १९२७ साली शिवजन्माची त्रिशताब्दी झाली तेव्हाच्या भगव्या पताका, १९५६ च्या टिळक जन्मशताब्दीचे आणि १९६९ च्या गांधी जन्मशताब्दीचे छापील झेंडे, १९७४ मध्ये शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली तेव्हाचे, आणि भीमजयंतीचे निळे झेंडे, विशेषतः १९९१ च्या जन्मशताब्दी वर्षाचे. शेवटचे आज कुणाला ‘जुने’ वाटत नाहीत, म्हणून ते आत्ताच जमवावेत. मिरवणूक संपली की झेंड्याची काठी घरी येते आणि कापड पुसण्याला जातं. पन्नास वर्षांनी ते शोधत फिरण्यापेक्षा आज मंडळाच्या पेटीतून एक मागून घेणं सोपं.

राजवटीच्या बाजूचे तुकडेही मिळतात. व्हिक्टोरिया राणीचा १८९७ चा हीरक महोत्सव, १९११ चा दिल्ली दरबार, पंचम जॉर्जचा १९३५ चा रौप्य महोत्सव, अशा प्रसंगांचे राजा-राणीच्या चेहऱ्याचे रुमाल आणि पताका. संग्रहात ते हवेत असं माझं मत आहे. त्याच काळात कुणाचे चेहरे सरकारनं गावोगाव पोचवले आणि कुणाचे लोकांनी स्वतः छापले, हे शेजारी-शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही.

अमेरिकेत या छंदाची मोठी परंपरा आहे. लिंकनच्या १८६० च्या निवडणुकीत त्याचा चेहरा छापलेले सुती झेंडे निघाले, आणि काहींवर त्याचं नाव ‘अब्राहम’ऐवजी ‘अब्राम’ असं आहे. तिथले संग्राहक झेंड्यावरचे तारे मोजून साल काढतात, कारण राज्यं वाढली तसे तारे वाढत गेले. आपल्याकडे तेच काम रंगांचा क्रम आणि चरखा करतात.

हा क्रम पाठ करा

होमरूल चळवळीचा १९१७ चा झेंडा: पाच तांबडे आणि चार हिरवे आडवे पट्टे आलटून-पालटून, त्यांवर सप्तर्षींच्या आकारात सात तारे, एका कोपऱ्यात युनियन जॅक, दुसऱ्या बाजूला चंद्रकोर आणि तारा. टिळक आणि ॲनी बेझंट यांचा हा झेंडा. खरा मिळणं फार अवघड.

१९२१ पासून पांढरा-हिरवा-तांबडा, आणि तिन्ही पट्ट्यांवर पसरलेला मोठा चरखा. १९३१ पासून केशरी-पांढरा-हिरवा, चरखा फक्त पांढऱ्या पट्ट्यात. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेनं अशोकचक्राचा तिरंगा स्वीकारला. घरी शिवलेल्या झेंड्यात मात्र हा क्रम तंतोतंत सापडेलच असं नाही. ज्या घरात तांबडं कापड नव्हतं तिथं नारिंगी लागलं, चरख्याची चाती उलट्या बाजूला गेली. क्रम जुळला नाही म्हणून झेंडा खोटा ठरत नाही, पण विकणारा जे साल सांगतोय त्या सालाच्या आधी तो रंग अस्तित्वातच नसेल, तर तिथंच थांबा.

डोळा तयार करायचा तर पुण्याला केसरीवाड्यात जा. मादाम कामांनी १९०७ मध्ये जर्मनीतल्या स्टुटगार्टला फडकवलेला झेंडा तिथं जपलेला आहे. शंभरी ओलांडलेलं कापड कसं दिसतं, रंग कुठं उतरतो, घडीवर धागा कसा तुटतो, हे तासभर उभं राहून बघा. चित्रात बघून हे कळत नाही.

सोलापुरात कुठं शोधायचं

१९३० चं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. एप्रिल १९३० मध्ये सोलापूर नगरपालिकेनं आपल्या इमारतीवर राष्ट्रीय झेंडा लावला. मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्यावर गिरणी कामगार रस्त्यावर आले, गोळीबार झाला, काही दिवस इंग्रजांची सत्ता शहरातून उठल्यासारखी झाली आणि मग मार्शल लॉ आला. त्या काळात झेंडा लावणं, गांधी टोपी घालणं याला शिक्षा होती. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं.

झेंडा घरात सापडला तर तुरुंग, अशा दिवसांत लोकांनी झेंडे जाळले, पुरले, नाहीतर कापून त्यांची झबली शिवली. म्हणून ‘१९३० चा सोलापूरचा झेंडा’ बाजारात सहज मिळत असेल तर तो बहुतेक नंतरचा असतो. खरा असेल तर तो एखाद्या घरात, ट्रंकेच्या तळाशी, वर्तमानपत्राखाली असेल.

त्यामुळे मी बाजारापेक्षा घरांकडे जास्त जातो. गिरणीच्या चाळींतली, साखर पेठ, भवानी पेठ आणि आसपासच्या जुन्या पेठांतली घरं. घर पाडून इमारत होणार असेल तर महिनाभर आधी तिथं पोचा. माळ्यावरचं सामान एका दिवसात भंगारात जातं. तालमी आणि उत्सव मंडळांच्या लाकडी पेट्यांत जुने फलक आणि निशाणं असतात. गणपतीच्या आधी आठवडाभर त्या पेट्या उघडतात, तेव्हा मदतीला जा. जुने शिंपी विसरू नका. मंडळाचे झेंडे कुणी शिवले हे त्यांनाच आठवतं. भंगारवाल्याला आपला नंबर देऊन ठेवा आणि ‘चेहरा असलेलं किंवा अक्षरं असलेलं कुठलंही कापड’ असं साध्या शब्दांत सांगा.

बाहेरगावी पुण्याचा बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार बघावा. पण तिथं कापड मिळतं, हकीकत मिळत नाही.

मागायचं कसं

ही पायरी सगळ्यांत नाजूक आहे. म्हाताऱ्या आजींच्या घरात जाऊन पहिल्या भेटीत किंमत काढू नका. पहिल्या भेटीत फक्त बघा, विचारा आणि फोटोची परवानगी मागा. “आजी, हे निशाण कुणी आणलं? शिवलं कुणी? कुठल्या मिरवणुकीत होतं? इतकी वर्षं कुठं ठेवलं होतं?” एवढे चार प्रश्न पुरतात. उत्तर त्यांच्याच शब्दांत, त्याच दिवशी लिहा. कानडी किंवा तेलुगू मिसळलेलं असेल तर तसंच लिहा, शुद्ध करू नका. पद्मशाली घरातल्या आजोबांनी चरख्याला तेलुगूत ‘राट्नम’ म्हटलं असेल तर वहीत ‘राट्नम’च राहू द्या.

द्यायला तयार नसतील तर आग्रह करू नका. कसं जपायचं ते दाखवून या. मी निम्म्याहून अधिक झेंडे असे फक्त टिपून घेतले आहेत, ते ज्यांचे त्यांच्याच घरी आहेत. दिलंच, तर घेतल्याचा कागद दोन प्रतींत करा. कुणी दिलं, कधी, विकत की भेट, आणि घरच्यांना पुन्हा बघायचं झालं तर दाखवीन असं वचन.

कापड आधी वाचा

सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोजपट्टी, पेन्सिल, फोन आणि नोटा तपासायची छोटी जांभळ्या प्रकाशाची बॅटरी ठेवा. पेन जवळ बाळगू नका, शाईचा एक ठिपका कायमचा असतो. हात धुऊन कोरडे करा. अंगठी, बांगडी, घड्याळ काढा. हातमोज्यांपेक्षा स्वच्छ उघडा हात बरा, कारण मोज्याचं सूत सैल धाग्यात अडकतं.

उन्हासमोर न धरता, खिडकीजवळच्या उजेडात भिंगाखाली ताणा-बाणा, म्हणजे उभे-आडवे धागे बघा. हातसुताची खादी असेल तर सूत मध्येच जाड, मध्येच बारीक दिसतं आणि इंचभर जागेत धाग्यांची संख्या इकडे-तिकडे होते. गिरणीचं कापड एकसारखं असतं. काठ बघा. धोटा म्हणजे बाणा इकडून तिकडे नेणारं साधन. धोट्याच्या मागावर बाणा काठापाशी वळून परत येतो, त्यामुळे काठ बंद आणि गुळगुळीत लागतो. आजच्या बिनधोट्याच्या मागावर काठाला तुटलेल्या टोकांची झालर राहते. अशी झालर दिसली की झेंडा जुना नाही, मग त्यावर काहीही लिहिलेलं असो.

मग नेफा बघा, म्हणजे काठी किंवा दोरी ओवायची पट्टी. खरा वापर झालेल्या झेंड्याचा नेफा आतून मळलेला, बांबूच्या पेरांनी घासलेला असतो आणि काठीच्या लांबचं टोक वाऱ्यानं पिंजारलेलं असतं. चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला झेंडा सगळीकडे सारखाच तपकिरी असतो. शिवणीच्या घडीच्या आतसुद्धा तो रंग पोचलेला दिसतो. खऱ्या झेंड्यात घडीच्या आत मूळ रंग ताजा राहिलेला असतो. मी शिवण कधीच उसवत नाही. घडीच्या टोकाशी भिंग लावलं की पुरेसं दिसतं.

अंधाऱ्या खोलीत जांभळ्या बॅटरीखाली पांढरा पट्टा निळसर-पांढरा चमकला तर त्यात कापड उजळवणारं रसायन आहे. असं रसायन साधारण दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आलं. मात्र जुना झेंडा कुणी अलीकडे डिटर्जंटनं धुतला असेल तरी तो चमकतो, तेव्हा घरच्यांना धुण्याचं विचारून मगच निकाल द्या. दोरा जाळून बघायची परीक्षा फक्त आधीच सुटलेल्या धाग्यावर, तीही मालकाला विचारून. सूत जळताना कागदासारखा वास येतो आणि राख मऊ असते, रेशमाला केस जळाल्याचा वास येतो, पॉलिस्टरचा मणी होतो.

मग अक्षरं आणि चेहरा

चेहऱ्यावरून साल काढता येतं, फक्त कुठल्या गोष्टी कधी आल्या ते माहीत हवं. गांधीजींनी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईला पंचा स्वीकारला. उघड्या अंगाचे गांधीजी आणि खाली ‘१९२०’ असेल तर ते साल मागाहून घातलेलं आहे. ‘राष्ट्रपिता’ हा शब्द सुभाषबाबूंच्या १९४४ च्या रेडिओवरच्या भाषणानंतर रुळला. ‘भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ असं छापलेलं निशाण १९९० च्या आधीचं असूच शकत नाही.

मराठी शुद्धलेखन हे माझं आवडतं साधन आहे. ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘आम्हांस’ असे अनुस्वार १९६२ च्या नियमांनंतर छपाईतून हळूहळू गेले. नकली झेंडा बनवणारा रंग जुना करतो, भाषा जुनी करायला विसरतो. इंग्रजी ठसा असेल तर गावाचं नाव ‘शोलापूर’ आहे का बघा. शिंप्याच्या पट्टीवर पिनकोड असेल तर ती १९७२ नंतरची. गिरणीच्या ठशात यार्ड असेल तर मेट्रिक मापं येण्याआधीचं कापड. मात्र कापडाचं वय आणि झेंड्याचं वय वेगळं असू शकतं. ठेवणीतल्या जुन्या मांजरपाटावर कुणी १९५६ साली टिळक छापले असतील, तर तो १९५६ चाच झेंडा.

कायदा

शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते. १९२१ चे झेंडे आता या वयात आले आहेत. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. कापडावर हातानं रंगवलेली चित्रं नोंदणीच्या यादीत आहेत, तेव्हा रंगवलेलं निशाण मिळालं तर पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याला विचारा.

अशोकचक्राच्या तिरंग्याला १९७१ चा राष्ट्रीय सन्मानाचा कायदा आणि २००२ ची ध्वजसंहिता लागू आहे. त्यावर अक्षरं असू नयेत, फाटका असेल तर लावू नये. त्यामुळे नेत्याचा चेहरा किंवा घोषणा छापलेला जुना तिरंगा तुमच्याकडे आला तर तो कुठंही लावू नका, फडकवू नका, पडद्यासारखा टांगू नका. सन्मानानं गुंडाळून ठेवा.

घरी आणल्यावर

धुऊ नका. हे मी हात जोडून सांगतो. माझ्या ओळखीच्या एका घरात चरख्याचा झेंडा ऐंशी वर्षं टिकला आणि प्रदर्शनात द्यायचा म्हणून सुनेनं प्रेमानं कोमट पाण्यात भिजवला. तांबड्या पट्ट्याचा कच्चा रंग सुटला, हिरव्यात शिरला, पांढऱ्यावर गुलाबी ओघळ आले, आणि चरख्याच्या आऱ्या त्यात दिसेनाशा झाल्या. त्या माउलीच्या डोळ्यांतलं पाणी मला अजून आठवतं. इस्त्री, कडक ऊन, डाग काढायचं औषध, चिकटपट्टी, लॅमिनेशन, यातलं काहीही नको.

धूळ काढायची तर झेंडा टेबलावर पसरा, वर मच्छरदाणीची जाळी ठेवा आणि कमी ओढीच्या व्हॅक्यूमनं जाळीवरून हळू फिरवा. रेशीम किंवा रंगवलेलं कापड असेल तर तेही करू नका.

कसर लागल्याची शंका असेल तर झेंडा मलमलमध्ये गुंडाळा, प्लॅस्टिक पिशवीत हवा काढून बंद करा आणि घरच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर गार कापडावर दव धरतं. रंगवलेल्या निशाणाला हा उपाय नाही.

ठेवण्यासाठी घडी नको, गुंडाळी हवी. चादरीच्या कारखान्यात कापडाच्या ताग्याची पुठ्ठ्याची जाड नळी मागितली तर मिळते. निदान तीन इंच व्यासाची घ्या. पुठ्ठ्यातलं आम्ल कापडाला लागू नये म्हणून नळीवर ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळा आणि त्यावर मांजरपाट. हा मांजरपाट आधी तीन-चारदा गरम पाण्यात धुऊन त्याची खळ पूर्ण काढा. खळ राहिली की किडा येतो. झेंडा या नळीवर सैलसर गुंडाळा, रंगवलेली बाजू बाहेर, वर पुन्हा धुतलेली मलमल, सुती फीत बांधा. डांबरगोळी कापडाला टेकवू नका.

सोलापूरच्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की जुनं सूत कडकडीत होतं. एप्रिल-मेच्या दुपारी कुठलीही जुनी घडी उघडू नका. मी ते काम श्रावणात, उघडीप असलेल्या सकाळी करतो. धागा तेव्हा नरम असतो. पत्र्याखालची खोली, बाहेरची भिंत आणि स्वयंपाकघर टाळा. भिंतीवर लावायची हौस असेल तर चांगला फोटो काढून त्याची कापडावर छपाई करा आणि ती लावा. जकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर नेत्यांचे चेहरे विणणारे कारागीर आपल्या शहरात आहेत, त्यांच्याकडून हुबेहूब प्रत विणूनही घेता येईल.

नोंदवही

प्रत्येक झेंड्याला क्रमांक द्या आणि तो झेंड्यावर न लिहिता सुती फितीवर पेन्सिलनं लिहून गुंडाळीला बांधा. वहीत लांबी-रुंदी, कापड, सूत, रंगांचा क्रम, शिलाई, अक्षरं जशीच्या तशी, कुठं फाटलं-विरलं, कुणाकडून आलं, त्यांनी काय सांगितलं. ‘घरच्यांनी सांगितलं’ आणि ‘मी कापडात पाहिलं’ हे दोन रकाने वेगळे ठेवा. माझ्या वहीत पहिल्या क्रमांकावर तो पॉलिस्टरच्या दोऱ्याचा झेंडाच आहे, आणि नव्या मुलांना मी आधी तोच दाखवतो.

सतराव्या क्रमांकाचा झेंडा मी अजून पाहिलेला नाही. एका विणकर घरातल्या आजींनी मला त्यांची वाकळ दाखवली. त्यांच्या सासूबाईंनी मार्शल लॉच्या दिवसांत निशाण तिच्या थरांत घालून वरून धावदोरा घातला, असं त्या सांगतात. वाकळ खिडकीशी धरली तेव्हा एका कोपऱ्यात, दोन लुगड्यांच्या तुकड्यांमध्ये, हिरवट पट्टा आणि त्याखाली तांबूस सावली दिसली. टाके उसवायचे का, असं मी विचारलं नाही. त्यांनीही म्हटलं नाही. वाकळ त्यांच्याच घरी आहे, धुणं बंद केलंय, आणि वहीत एका रकान्यात त्यांची हकीकत, दुसऱ्यात एवढंच: हिरवा थर, तांबूस थर, चरखा दिसला नाही.